ढेलजेतून आत

नमस्कार श्रोतेहो.

जुना वाडा पाहायला गेलात की आधी मान वर करा. काचेच्या कपाटांकडं नंतर वळा.

आमच्या मराठवाड्यात एका देशमुखी वाड्यात गावच्या इतिहासाचं छोटं संग्रहालय उभं राहिलंय. घरच्या मंडळींनी वाड्याचा पुढचा भाग दिला आणि गावातल्या निवृत्त शिक्षकांनी वर्षानुवर्षं घरोघरी फिरून वस्तू गोळा केल्या. मागच्या महिन्यात अख्खा एक दिवस मी तिथं काढला. माजघरात उभा राहून वर पाहिलं, तर सागवानी तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर दाटीनं बसवलेली किलचनं, आणि त्याही वर मातीचं माळवद, म्हणजे सपाट धाबं. मधोमध साणं, म्हणजे उजेडाचा झरोका. त्या साण्यातून उन्हाचा एक कवडसा थेट जात्याच्या पाळूवर पडला होता. दुपार कलली तसा तो सरकत सरकत उखळापर्यंत गेला. घड्याळ नसलेल्या घरात बायका याच कवडशावर स्वयंपाकाची वेळ ठरवत, हे मी माझ्या आजीकडून ऐकलेलं. त्या दिवशी ते डोळ्यांनी पाहिलं.

दर पावसाळ्याआधी माळवदावर पांढरी माती पसरायची, म्हणजे गळत नाही. पण दरवर्षी थर चढत गेला, की पन्नास-शंभर वर्षांत वर केवढं ओझं होतं! 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला आणि हेच ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत दगड-मातीच्या जाड भिंती ढासळल्या आणि हजारो माणसं गेली. ज्यांनी ती पहाट पाहिली, त्यांना दगडी भिंतीजवळ आजही झोप लागत नाही. त्यांना मी वाडे जपा म्हणून काय सांगणार? पण एक गोष्ट सांगतो. कितीतरी घरांत भिंती पडल्या, तरी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला होता. आपल्या सुतारांची खणाची बांधणी कच्ची नव्हती. ती समजून घ्यायच्या आधीच भीतीपोटी आपण वाडे उतरवले, आणि नक्षीचे खांब, चौकटी, दिंडीदरवाजे ट्रकमध्ये भरून शहरांकडं गेले. एका बड्या हॉटेलात आपल्याकडच्या घडणीचा दरवाजा भिंतीला टेकवून ठेवलेला मी पाहिलाय. कडी-कोयंडा तसाच होता. मला तिथं बसवेना.

म्हणून जो वाडा जागेवर उभा आहे, त्याचं मोल फार आहे. या वाड्याच्या तुळईवर शक कोरलाय. त्यात 78 मिळवले की काळ येतो तो पहिल्या सालारजंगांच्या दिवाणगिरीचा. ते 1853 पासून 1883 पर्यंत हैदराबाद संस्थानाचे दिवाण होते. 1865 साली त्यांनी जिल्हाबंदी, म्हणजे जिल्ह्यांची आखणी केली. तोवर महसूल मक्त्यानं, म्हणजे ठेक्यानं वसूल व्हायचा. आता जिल्हे-तालुके पाडून पगारी अधिकारी आले. देशमुख-देशपांड्यांकडचा वसुलीचा कारभार गेला, पण रुसूम, म्हणजे वतनी हक्काचा पैसा राहिला, जमिनी राहिल्या, आणि वाडे राहिले. सदरेवर बसून हे कळलं, तेव्हा तिचा थाट मला निराळाच दिसायला लागला.

कागदांच्या खोलीत मी सगळ्यात जास्त वेळ होतो. एक लाल बासन सोडलं. आत हिशेबाची वही, मोडीत. शेजारी उर्दूतला महसुली कागद, साल फसली, म्हणजे महसुलाच्या सालगणनेतलं. फसलीत 590 मिळवले की साधारण इसवी सन येतो. वहीतले रुपये हाली सिक्क्याचे. संस्थानाचा रुपया वेगळा होता, आणि सात हाली म्हणजे सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये, असा ढोबळ हिशेब असे. इंग्रजी मुलखातल्या सोलापूरच्या बाजारात माल नेणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला स्वतःच्या भाषेच्या मुलखातच चलन बदलावं लागे. घरात मराठी, वहीत मोडी, कचेरीत उर्दू, आणि वेशीपलीकडं निराळंच नाणं. मराठवाड्याचा इतिहास वाचायला अवघड जातो तो यामुळंच. 2023 पासून निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची कशी शोधाशोध झाली हे आपण पाहिलंच. तुमच्या घरी माळ्यावर असं बासन असेल तर ते रद्दीत घालू नका, आणि त्याला चिकटपट्टी तर अजिबात लावू नका.

एका भिंतीवर मुक्तिसंग्रामाचे फोटो आहेत. स्वामी रामानंद तीर्थ आहेत, हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचा उल्लेख आहे, 17 सप्टेंबर 1948 ठळक अक्षरांत आहे. गावातली म्हातारी माणसं मात्र ‘पोलीस ॲक्शन’ असंच म्हणतात. रझाकारांच्या दहशतीचं सांगताना त्यांचा आवाज चढतो. ॲक्शननंतर शेजारच्या मोहल्ल्यात काय झालं, ते सांगताना तोच आवाज खाली येतो. माझं ठाम मत आहे की दोन्ही आवाज याच भिंतीवर यायला हवेत. सध्या तिथं एकच आहे.

आपल्याकडं तेरचं शासकीय संग्रहालय आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंमुळं प्राचीन तगर नगरी तिथं हाताच्या अंतरावर येते. छत्रपती संभाजीनगरात सोनेरी महाल आहे. तिथं जरूर जा. पण या वाड्यात जे आहे ते आपल्या पणज्या-खापरपणज्यांचं आहे, त्यातलं निम्मं अजून माणसांच्या तोंडी आहे, आणि ती माणसं सत्तरी-ऐंशीची झालीत.

त्याच दिवशी शाळेची सहल आली होती. एका नातवाबरोबर त्याची आजी आली होती. मुलं भराभर चौकात पळाली, आजी ढेलजेतच, म्हणजे दारालगतच्या देवडीतच थांबल्या. शिक्षक म्हणाले, “या की मावशी, आत या.” त्या म्हणाल्या, “आमची माय इथं सारवायला यायची. बाहेरच्या भिंती तिच्याकडं. ह्याच्या आत कधी आली नाही.”

ढेलजेच्या भिंतीत खाली हातभर उंचीवर एक भोक आहे. भिंतीतल्या बळदाचं ते तोंड. शेजारी पाटी होती: ‘बळद. धान्य साठवण्याची जागा.’ आजी तिथं वाकल्या, भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. दगड तिथं गुळगुळीत झालाय.

“इथनं पडायची ज्वारी,” त्या म्हणाल्या. “माय खाली पदर धरायची. वरनं हात लागू नये म्हणून.”

शिक्षक काही बोलले नाहीत. खिशातून पेन्सिल काढून त्यांनी पाटीवर खाली बारीक अक्षरात ते लिहिलं, आणि बरोबर लिहिलंय का म्हणून आजींना वाचून दाखवलं. आजींनी एक शब्द बदलायला लावला. मग नातवाचा हात धरून त्या उंबरा ओलांडून आत गेल्या.