भिंत थोडी रिकामी राहू द्या

(बालवाडीत नव्याने शिकवू लागणाऱ्या शिक्षकांपुढे केलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

माझ्या पहिल्या वर्षी शाळा उघडायच्या आधी पंधरा दिवस मी वर्ग सजवत होते. छताला कागदी ढग, ढगांना दोऱ्याने लोंबणारे थेंब, चारही भिंतींवर प्राणी, फळं, वाहनं आणि दारावर हसरा सूर्य. सूर्याचा प्रत्येक किरण वेगळ्या छटेचा होता, कारण रात्री झोपच येत नव्हती. पहिल्या दिवशी मुलं आली, माना वर करून ढग बघून झाले. मग एकाने खुर्ची ओढली, तिच्यावर चढून एक थेंब पकडला आणि खेचला. थेंबाबरोबर ढग आला, ढगाबरोबर छताचा चुना आला. आठवड्याच्या शेवटी सूर्याला तीन किरण उरले होते.

हे आधीच सांगून टाकलं, कारण तुमच्यापैकी बऱ्याचजणींच्या पिशव्यांतून आत्ता रंगीत कागदाच्या गुंडाळ्या डोकावताहेत. मागे बसलेले दोन-तीन सर गालात हसताहेत. पण सर, तुम्हीही हेच करणार आहात. नव्या शिक्षकाला वाटतं, वर्ग सजला म्हणजे आपण तयार झालो. खरं तर आपल्याला मुलांची धास्ती वाटत असते आणि ती धास्तीच आपण भिंतीवर चिकटवत बसतो.

कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या अ‍ॅना फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. बालवर्गातली २४ मुलं घेतली आणि दोन आठवड्यांत त्यांना विज्ञानाचे सहा छोटे पाठ दिले. तीन पाठ तक्ते-चित्रांनी गच्च भरलेल्या वर्गात झाले आणि तीन जवळजवळ उघड्या भिंतींच्या वर्गात. सजवलेल्या वर्गात मुलांचं लक्ष साधारण ३९ टक्के वेळ पाठाबाहेर होतं, साध्या वर्गात २८ टक्के. पाठानंतरच्या चाचणीत साध्या वर्गात ५५ टक्के उत्तरं बरोबर आली, सजवलेल्या वर्गात ४२. आता २४ मुलं म्हणजे काही फार नव्हेत. शिवाय यावरून वर्ग दवाखान्यासारखा पांढराफटक ठेवा, असं कुणी म्हणत नाही, मीही म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच, की मुलं यायच्या आधी वर्ग पुरा करू नका. अर्धा ठेवा. आणि मुलांच्या हातातलं कामही तुम्ही पुरं करू नका. आज जे काही सांगणार आहे, ते सगळं या दोन वाक्यांच्या आसपासच फिरेल.

मी आता पहिल्या दिवशी भिंतीवर दोनच गोष्टी ठेवते. दाराजवळ प्रत्येक मुलाचा फोटो आणि त्याखाली ठळक अक्षरात नाव. आणि एका भिंतीवर, मुलांच्या खांद्याच्या उंचीला, एक ताणून बांधलेली सुतळी आणि तिला कपडे वाळत घालायचे चिमटे. सुतळी रिकामी. चिमटा उघडणं हाच बोटांचा उत्तम व्यायाम आहे, त्यामुळे काय लावायचं, काय काढायचं, ते मुलंच करतात. अक्षरांचा तक्ता? जे अक्षर वर्गात आलं ते लागतं, तेही त्या दिवशी. आल्या आल्या सगळी अक्षरं लावली की तो तक्ता रोज दिसूनही कुणी बघत नाही. आपल्या घरच्या कॅलेंडरसारखं होतं त्याचं.

वर्गाची किल्ली मिळाली की दार लावून घ्या आणि गुडघ्यांवर चालत खोलीतून एक फेरी मारा. पाच वर्षांचं मूल साधारण १०५ ते ११० सेंटीमीटर उंच असतं, म्हणजे त्याचे डोळे मीटरभर उंचीला. तिथून वर्ग निराळाच दिसतो. तुम्ही मेहनतीने लावलेला फलक कपाळाच्या वर जातो. नाकासमोर येतात ते टेबलाचे कोपरे, विजेचं सॉकेट आणि बाईंच्या टेबलाचं मोठं लाकडी पोट, जे नेमकं उजेडाच्या जागी ठाण मांडून बसलेलं असतं. माझ्या त्या फेरीत मला टेबलाच्या खालच्या अंगाला चिकटलेली च्युइंगमची चार पिढ्यांची वसाहत सापडली होती. टेबल भिंतीकडे ढकला. खिडकीखालची जागा मुलांची.

खुर्चीवर बसल्यावर मुलाचे दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. पाय लोंबकळत असले की मूल सतत सरकत राहतं आणि आपण म्हणतो, हा चंचल आहे. कोपऱ्यांची मांडणी मी थोडक्यात सांगते, कारण खोल्या निरनिराळ्या असतात. ओलं काम नळाजवळ. ठोकळे आणि पुस्तकं शेजारी-शेजारी नकोत. आणि दारापासून समोरच्या भिंतीपर्यंत सरळ मोकळी वाट ठेवलीत, तर ती धावपट्टी झालीच म्हणून समजा. मध्ये एक बुटकं कपाट आडवं टाका, "धावू नका" म्हणायचे तुमचे निम्मे कष्ट वाचतील.

कपाटावरून आठवलं. मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये, सान लोरेन्झो वस्तीत, आपलं पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू केलं. तिथलं साहित्य उंच कपाटात कुलूपबंद असायचं; शिक्षिका काढून देणार आणि परत ठेवणार. एक दिवस कपाटाला कुलूप लावायचं राहून गेलं आणि बाईंना यायला उशीर झाला. येऊन बघतात तर मुलांनी आपापलं हवं ते काढून घेतलेलं आणि कामं सुरू झालेली. बाईंना ती चोरी वाटली. माँटेसरींना वाटलं, मुलांना वस्तू आता इतक्या ओळखीच्या झाल्यात की ती निवड करू शकतात. मग उंच कपाटं गेली आणि बुटकी, उघडी मांडणी आली. शिक्षिकेच्या उशिरा येण्यातून शिक्षणशास्त्राला काही मिळाल्याचं हे एकमेव उदाहरण असावं, तेव्हा त्याचा दाखला मुख्याध्यापकांना देऊ नका.

मात्र ओळख आधी, निवड नंतर. पहिल्या दिवशी मांडणीवर माझ्याकडे तीनच गोष्टी असतात: कागद, जाड खडू आणि ठोकळे. बाकी फळ्या रिकाम्या. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली आणि त्या जागी त्या वस्तूचं रेखाचित्र चिकटवलेलं, म्हणजे वाचता न येणारं मूलही वस्तू जागेवर ठेवतं. कात्री तिसऱ्या आठवड्यात येते.

आता हस्तकाम. एक मोठं खोकं करा आणि त्याला नाव द्या. आमच्याकडे त्याला "खजिना" म्हणतात. पुठ्ठ्याच्या नळ्या, बरण्यांची मोठी झाकणं, लोकरीचे तुकडे, कापडाच्या चिंध्या, जुनी वर्तमानपत्रं, पाकिटं, सुकलेली पानं. खोक्यात काय नको, ते आधी ठरवा. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाचं एक नळकांडं वापरतात. वस्तू त्यात पूर्ण मावली की ती घशात अडकण्याजोगी मानतात. आपली मुलं त्याहून मोठी असली, तरी तोंडात घालायची सवय वाढदिवस बघून जात नाही. टॉयलेट पेपरच्या गुंडाळीतली पुठ्ठ्याची नळी त्याहून जरा रुंद असते, तीच कसोटीला घ्या. तिच्यातून जे खाली पडेल ते तुमच्या देखत वापरायचं, खोक्यात टाकायचं नाही. बटण सेल, सुटी लोहचुंबकं आणि फुटलेल्या फुग्यांचे तुकडे तर वर्गातच नकोत. चमकीबद्दल माझा वैयक्तिक राग आहे. तिचा बालविकासाशी काही संबंध नाही. ती माझ्या डोक्यातून आठ-आठ दिवस निघत नाही.

चिकटवायची खळ घरी करा. एक वाटी मैदा एक वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा. तीन वाट्या पाणी उकळायला ठेवायचं, त्यात हे मिश्रण धार धरून सोडायचं आणि चकाकी येऊन दाटसर होईपर्यंत ढवळत राहायचं. गार झाल्यावर आणखी दाट होते, म्हणून थोडी पातळ असतानाच उतरवा. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहते, मग आंबते, वासाने कळतंच. मुलांपुढे वाटीत ठेवू नका, पसरट झाकणात चमचा-चमचा द्या. वाटीत दिली की अख्खा हात आत जातो.

मळायचा गोळाही घरचाच. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, दोन मोठे चमचे तेल आणि लागेल तसं पाऊण ते एक वाटी पाणी. तो मुलांकडूनच मळून घ्या, कारण कोरडं पीठ ओलं होतानाचा स्पर्श तयार गोळ्यात मिळत नाही. मिठामुळे तो टिकतो आणि चाखणारं मूल पुन्हा चाखत नाही. पण हाताला खरचटलेलं असेल तर मीठ झोंबतं, म्हणून आधी हात बघा. आणि ज्याला गव्हाची अ‍ॅलर्जी आहे अशा मुलाचं नाव यादीत असेल, तर सगळ्या वर्गाचाच गोळा कॉर्नफ्लॉवरचा किंवा तांदळाच्या पिठाचा करा. त्या एकाला वेगळं बसवू नका.

बाजारात मिळणाऱ्या प्ले-डोची गोष्ट तुम्हाला माहीत आहे? ते मुळात भिंतीच्या कागदावरची कोळशाची काजळी पुसायचं द्रव्य होतं. घरं कोळशावर तापवणं मागे पडलं, काजळी गेली आणि अमेरिकेतल्या त्या कारखान्याचं गिऱ्हाईक आटलं. के झुफॉल नावाच्या एका बालवाडी शिक्षिकेने ते आपल्या वर्गात आणलं, मुलांना ते मातीपेक्षा मळायला सोपं गेलं आणि तिने कारखान्यातल्या आपल्या नातेवाइकांना कळवलं. १९५० च्या दशकाच्या मध्यात ते खेळणं म्हणून विकायला लागलं. म्हणजे शोध पुसणीतून लागला आणि तोही आपल्यापैकी एकीला.

कात्रीकडे सगळेच घाईने जातात. सुरुवातीला रेघ द्यायची नाही, आकार तर नाहीच. बोटभर रुंदीची, जरा जाड कागदाची पट्टी द्या. एकदा "कच" केलं की तुकडा पडतो. बस, एवढंच. पातळ कागद पात्यांमध्ये दुमडतो आणि मूल समजतं, आपल्याला जमत नाही. अंगठा आभाळाकडे, कोपर अंगाजवळ. पडलेले तुकडे डबीत जमवा, चिकटकामाला होतात. डावखुऱ्या मुलाला डावखुरी कात्री लागते. नेहमीच्या कात्रीत त्याला कापायची रेघ पात्याआड जाते आणि त्याच्या बोटांच्या दाबाने पाती एकमेकींपासून दूर सरकतात. तो गबाळा नसतो, कात्री उलटी असते.

आणि आता माझी दुसरी फजिती. त्याच पहिल्या वर्षी मी २५ फुलपाखरं कापून नेली होती. मुलांनी त्यांवर चार-चार ठिपके चिकटवायचे, बस. काम वीस मिनिटांत संपलं, सुतळीवर २५ फुलपाखरं दिमाखात झुलायला लागली. सुटण्याच्या वेळी कळलं की नावं घालायची राहिलीत. कुठलं कुणाचं, मला सांगता येईना, पालकांना येईना आणि मुख्य म्हणजे मुलांनाही येईना. ज्याला जे मिळालं ते त्याने नेलं. दोघींनी एकच ओढलं, ते फाटलं. एक शेवटपर्यंत तिथेच लटकून राहिलं. त्याचा मालक त्याच्याखालूनच घरी गेला होता.

तेव्हापासून मी नमुना ठेवत नाही. वस्तू दाखवत नाही, जोड दाखवते. मुलांचं काम अडतं ते कल्पनेपाशी नाही, जोडापाशी अडतं. नळी पुठ्ठ्यावर उभी करायची आहे आणि ती पडते आहे. मग नळीच्या खालच्या कडेला चार चिरा द्यायच्या, पाकळ्यांसारख्या बाहेर वाकवायच्या आणि पाकळ्यांना खळ लावायची. नळी उभी राहते. दोन पुठ्ठे बिनखळीचे जोडायचे तर दोघांना निम्म्यापर्यंत खाच पाडायची आणि एकमेकांत सरकवायचे. सुतळी भोकातून ओवत नसेल तर टोकाला चिकटपट्टी गुंडाळायची, बुटाच्या नाडीसारखं टणक टोक होतं. दोन पट्ट्या काटकोनात धरून आळीपाळीने एकमेकींवर दुमडत गेलं की कागदाची स्प्रिंग होते. आठवड्याला एक जोड, तोही पाच मिनिटांत. पाकळ्यांचा जोड शिकवला त्या आठवड्यात माझ्या वर्गात मनोरे झाले, हत्तीचे पाय झाले आणि एक वस्तू झाली जिला अकरा नळ्या होत्या आणि जिचं नाव रोज बदलायचं.

कागद दुमडणं आणि पट्ट्यांची चटई विणणं तर जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांच्यापासून चालत आलं आहे. किंडरगार्टन हे नाव १८४० मध्ये त्यांनीच दिलं. त्यांचं मुलांसाठीचं पहिलं साधन काय होतं? लोकरीचे सहा रंगीत चेंडू, दोरीला बांधलेले. आजही घरी एका संध्याकाळी होतील.

एक फळी मात्र अपुऱ्या कामांसाठी राखून ठेवा. आज नळी चिकटली, उद्या वाळेल, परवा तिला काहीतरी फुटेल. सगळं त्याच तासात पुरं करून घरी न्यायचा हट्ट मुलांचा नसतो, आपला असतो. घरी जाताना कामाखाली मुलाने सांगितलेलं एक वाक्य जसंच्या तसं लिहा. "हे काय काढलंस?" असं विचारू नका, बरेचदा ते काही नसतंच. "सांग ना मला याचं" म्हटलं की ती बोलतात.

एक चिठ्ठी आली आहे: "वर्गातलं एक मूल खळीला, रंगाला हातच लावत नाही. काय करावं?" काही करू नका, हे माझं पहिलं उत्तर. मनगट धरून बोट खळीत बुडवू तर मुळीच नका. शेजारी ओलं फडकं ठेवा, ब्रश द्या, काडी द्या, बंद प्लास्टिकच्या पिशवीत रंग घालून तो वरून दाबायला द्या. माझ्याकडे असा एक मुलगा होता. चार महिने तो फक्त कात्रीने पट्ट्या कापायचा आणि इतरांना वाटायचा. वर्गाचा पुरवठामंत्रीच झाला होता. पाचव्या महिन्यात एक दिवस त्याने एका बोटाचं टोक खळीत टेकवलं, डोळ्यांजवळ नेऊन बघितलं, माझ्या बाहीला पुसलं आणि परत कात्री घेतली. बाही धुवायची चिंता नको, घरची खळ साध्या पाण्याने निघते.