दरड गेली त्याच वाटेने बर्फही जातो

मंडळी, स्क्रीनवर हा जो पांढरा पट्टा दिसतोय ना, गर्द झाडीतून वरपासून खालपर्यंत वस्तरा फिरवल्यासारखा, तो कुठल्या स्की रिसॉर्टने कापलेला नाहीये, तिथे दरड कोसळलीय. हे न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेचे अ‍ॅडिरॉन्डॅक डोंगर. उंची फार नाही, सगळ्यात उंच माउंट मार्सी, तो १,६२९ मीटर, पण झाडी अशी की स्प्रूस आणि फरच्या फांद्यांमधून धड चालता येत नाही, स्की तर सोडूनच द्या. वरच्या भागात अ‍ॅनॉर्थोसाइट नावाचा खडक, त्यावर मातीचा पातळ थर आणि तो थर मुळांच्या जाळ्याने कसाबसा धरून ठेवलेला. तुफान पाऊस झाला की माती भिजून जड होते, पाणी खडकापर्यंत मुरतं आणि मग झाडांसकट सगळं खाली. १९९९ चं फ्लॉइड वादळ, २०११ च्या ऑगस्टमधलं आयरीन, दोन्ही वेळा असे नवे पट्टे उघडे पडले. हिवाळ्यात त्यावर बर्फ साचतो आणि बॅककंट्री स्कीवाल्यांना, म्हणजे रिसॉर्टबाहेर रानात स्की करणाऱ्यांना, आयती मोकळी वाट मिळते, त्यामुळे वादळ ओसरलं की ही मंडळी नकाशे काढून बसतात.

पण ती जागा मोकळी झालीच कशामुळे, हे विसरून चालत नाही. बर्फाचा अख्खा थर एकदम सुटून येतो त्याला स्लॅब अ‍ॅव्हलांच म्हणतात, ते बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतं, त्यातही ३८ च्या आसपास जास्त. स्की करायला मजा येते तो उतारही नेमका हाच, आणि दरडीचे बरेच पट्टेही याच तिरकसपणाचे. वर बर्फाला थोडीफार अडवणारी झाडं दरडीने नेलेली, खाली उघडा खडक. याच डोंगरांतल्या राइट पीक शिखरावर एंजल स्लाइड्स म्हणून जागा आहे, तिथला पट्टा फ्लॉइडने सप्टेंबर १९९९ मधे उघडला आणि पुढच्याच फेब्रुवारीत तिथे अ‍ॅव्हलांचमधे स्की करणारे सापडले, त्यातला एकजण गेला. म्हणजे त्या पट्ट्याचा पहिलाच हिवाळा.

आता घळी. न्यू हॅम्पशायरच्या माउंट वॉशिंग्टनवर टकरमन रॅव्हिन ही वाटीसारखी खोल दरी आहे, त्यात लेफ्ट गली, राइट गली वगैरे घळी. याच शिखरावर १२ एप्रिल १९३४ ला वाऱ्याचा वेग ताशी ३७२ किलोमीटर मोजला गेला होता. हे फक्त रेकॉर्ड म्हणून सांगत नाहीये, वारा वरच्या उघड्या माळावरचा बर्फ उचलतो आणि पूर्वेच्या आडोशाच्या घळींमधे आणून ओततो, म्हणजे आभाळ निळंशार, बर्फ पडायचा कधीच थांबलाय आणि तरी घळ भरतेच आहे. लोक इथेच फसतात, ऊन बघून निघतात. शिवाय घळीत बाजूला पळायला जागा नाही, छोटासा थर सुटला तरी अरुंद तळाशी त्याचा ढीग माणूस गाडण्याइतका होतो. आणि तो थर बऱ्याचदा सापडलेल्या माणसाच्या किंवा त्याच्या ग्रुपमधल्या कोणाच्या तरी वजनानेच सुटलेला असतो, आपोआप नाही.

ट्रान्सीव्हर (गाडलेला माणूस शोधायला रेडिओ सिग्नल देणारं-पकडणारं यंत्र, ४५७ किलोहर्ट्झवालं), प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब काठी), फावडं, हे तिन्ही प्रत्येकाकडे हवंच, त्यावर चर्चा नको. पण गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तरच आशा चांगली, अर्ध्या तासानंतर फारच कमी, आणि झाडावर किंवा खडकावर आपटलेल्याला ट्रान्सीव्हर काही करू शकत नाही.

वसंतात प्रकार वेगळा. रात्री गोठलेला पृष्ठभाग सकाळी काचेसारखा कडक, तिथे पडलं की थांबणं नाही, थेट खालच्या दगडांपर्यंत. उन्हाने वरचा थर जरा मऊ होईपर्यंत वाट बघावी, पण फार उशीर केला तर तोच बर्फ ओला होऊन सरकतो आणि टकरमनमधे वरच्या कड्यावरून बर्फाचे मोठे तुकडे सुटायला लागतात. मला विचाराल तर जी घळ उतरायची ती आधी चढून जावी, क्रॅम्पॉन (बुटांना लावायचे लोखंडी काटे) आणि आइस अ‍ॅक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड) घेऊन. दमायला होतं, पण कुठे कडक, कुठे पोकळ, कुठे खडक वर आलाय हे पायाला कळतं. मात्र वाऱ्याने ताजा बर्फ भरलेला असेल तर चढतानाही तुम्ही त्याच सापळ्यात असता, तेव्हा बाजूची धार पकडायची किंवा सरळ परत फिरायचं.

प्रश्न आलाय, एकावेळी एकानेच उतरायचं तर बाकीचे कुठे थांबणार? घळीच्या मधे नाही आणि उतरणाऱ्याच्या खाली तर नाहीच. खडकाच्या आडोशाला, पण उतरणारा दिसत राहील असं. दरडीच्या पट्ट्यावर लोक कडेच्या झाडांत उभे राहतात, ते ठीक, फक्त त्या झाडांच्या वरच्या बाजूच्या फांद्या मोडलेल्या नाहीत ना बघा, मोडल्या असतील तर बर्फ आधी तिथपर्यंत येऊन गेलाय. आणि जो पहिला तळाशी पोचतो तो हमखास तिथेच उभा राहून वरच्यांचे फोटो काढायला लागतो, त्याने आधी बर्फाच्या वाटेतून पूर्ण बाहेर पडायचं, फोटो मग.