हात गेला

(दृश्य : रात्र. ट्रॅक्टरच्या दिव्यात उडणारा भुस्सा. मळणी यंत्राचा आवाज.)

औसा तालुक्यातलं एक खळं. दसरा झालाय, दिवाळी तोंडावर आहे आणि आभाळ पुन्हा भरून आलंय. ताडपत्रीखालची सोयाबीनची बनीम, म्हणजे कापलेल्या पिकाचा ढीग, भिजायच्या आत मळून रास व्हायला हवी. यंत्रवाल्याला पैसे पोत्यामागं मिळतात, तासाचा हिशेब नाही. दव पडलं की काड वातड होतं आणि यंत्राच्या तोंडाशी अडतं. मग माल टाकणारा ते हातानं रेटतो. वातड काडाचा वेढा मनगटाला बसतो आणि यंत्राचा फिरता ड्रम हात आत ओढतो. ओरडायलाही सवड मिळत नाही.

(दृश्य : केस पेपर. फक्त लिहिणारा हात दिसतो.)

"काय झालं?"
"यंत्रात हात गेला, साहेब."

लिहूनही तसंच घेतात. जणू हातच आपल्या पायांनी चालत गेला! आपल्या बोलण्यात दुखापती अशाच आपोआप होतात. पाय घसरतो, डोळा लागतो, स्टोव्हचा भडका उडतो.

गावात जुलाबाची साथ आली की आरोग्यसेवक पाण्याच्या टाकीपर्यंत जातो, टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली होती का विचारतो, बाटलीत नमुना नेतो. हात गेल्यावर यंत्रापर्यंत कुणी जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं दुखापती आणि हिंसाचारात जगभर दरवर्षी सुमारे ४४ लाख माणसं मरतात, त्यातली बहुतेक कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत. साथ म्हणायला आणखी किती लागतात?

(दृश्य : दिवसा, बंद यंत्र. तोंडाजवळ रिकामी बोल्टची भोकं.)

इथं पत्र्याची पन्हळ असायला हवी. भारतीय मानकाप्रमाणे निदान ९०० मिलिमीटर लांब, आणि त्यातली ४५० मिलिमीटर वरून झाकलेली. माणसाचा हात ड्रमपर्यंत पोचूच नये, एवढाच त्यामागचा विचार. धोकादायक यंत्रांचा कायदा १९८३ सालचा आहे, तो मुख्यतः मळणी यंत्रांमुळेच झाला. पण पन्हळीतून माल बेतानं सोडावा लागतो, आणि पैसे तर पोत्यामागं. म्हणून बोल्ट निघतात. मजुराला निष्काळजी म्हणण्याआधी ही भोकं बघावीत, असं मला वाटतं.

(दृश्य : रस्ता. उसाच्या दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही.)

गळीत हंगामात रात्री या ट्रॉल्या अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाहीत. मागून येणारा दुचाकीवाला धडकतो आणि लोक म्हणतात, डोळा लागला असंल. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. लाल रिफ्लेक्टरची पट्टी किती रुपयांना मिळते, कुठल्याही दुकानात विचारा.

(दृश्य : घराचा कोनाडा. कीटकनाशकाची बाटली, शेजारी चहाची डबी.)

मराठवाड्यात याला औषधच म्हणतात. कर्ज, नापिकी, घरातलं भांडण, आणि हाताशी ही बाटली. संतापाची ती घटका टळली तर बरीच माणसं पुन्हा त्या वाटेला जात नाहीत. श्रीलंकेनं १९९५ मध्ये मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक बंद केलं, पुढं इतर जहाल विषंही. तिथलं आत्महत्यांचं प्रमाण पुढच्या वीसेक वर्षांत ७० टक्क्यांहून जास्त उतरलं, आणि पिकं काही बुडाली नाहीत. आपल्याकडे २००५ साली मोनोक्रोटोफॉसवर बंदी आली, ती भाजीपाल्यापुरती; त्याच्या ३६ टक्के द्रावणावर बंदीचा आदेश निघायला २०२३ साल उजाडलं.

(पडद्यावर : मन जड झालं असेल तर बोला. टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, मोफत.)

(दृश्य : प्लास्टर घातलेला हात, हिरव्या बांगड्या. चेहरा नाही.)

"विहिरीवर पाय घसरला," असं सासूच सांगते. सून खाली बघते. पडताना माणूस तळहात टेकतो, त्यामुळं हाड बहुधा मनगटापाशी मोडतं. हिचं मोडलंय हाताच्या मधोमध, करंगळीच्या बाजूचं. डोक्यावर येणारा फटका अडवायला हात वर केला की नेमकं हेच हाड पुढं येतं. एक्स-रे बघणाऱ्याला हे कळतं. पण ओपीडीत मागं साठ माणसं उभी आहेत. "आजी, जरा बाहेर थांबा," म्हणून सुनेला दोन प्रश्न विचारायला पाच मिनिटं लागतात. १९९६ मध्ये जागतिक आरोग्य सभेनं हिंसा हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे असा ठराव केला, तो या पाच मिनिटांपर्यंत अजून आलेला नाही. केस पेपरवर लिहिलं जातं : पडून.

(दृश्य : पहाट. दुसरं शेत, तेच यंत्र.)

माल टाकायला आज नवा पोरगा आहे. पन्हळ ट्रॉलीत पडलीय, तिच्यावर पाण्याची घागर ठेवलीय. आम्ही विचारलं, "मामा, ती बसवत का नाही?"

"बसवू की. एवढी बनीम होऊ द्या."