फाइल एक, लिहिणारे दोन

(दृश्य: रत्नागिरीजवळची आंब्याची शेड. पेंढा, पेट्या, खिळे ठोकल्याचे आवाज.)

एप्रिल उजाडला की या शेडमध्ये बोलायला कुणाला सवड नसते. रात्री वाशीची गाडी भरायची असते. आतल्या टेबलावर माझा मामा भरलेल्या पेट्या नोंदवतो, दारातल्या लॅपटॉपवर मामेभाऊ गाडीत चढलेल्या. प्रोग्राम तोच, नोंदींची फाइलही तीच: आतल्या संगणकावर, वायफायवरून शेअर केलेल्या फोल्डरात.

दोन वर्षांपूर्वी ऐन हंगामात ती फाइल उघडेना. ‘डेटाबेस डिस्क इमेज इज मॅलफॉर्म्ड’, एवढंच पडद्यावर. मामाने व्हायरसला शिव्या घातल्या. व्हायरस नव्हताच.

(दृश्य: पडद्यावर कोऱ्या चौकोनांची रांग.)

डेटाबेसची फाइल म्हणजे आतून पानांची वही. मामाचा प्रोग्राम नोंदी ठेवायला एसक्यूलाइट हा डेटाबेस वापरतो; त्यात एक पान सहसा ४,०९६ बाइटांचं. पेटी एक नोंदवली तरी पानं तीन-चार बदलतात: नोंदीचं, सूचीचं, कधी मोकळ्या पानांच्या यादीचंही. मामाच्या प्रोग्रामने यादीत एक कोरं पान पाहिलं. त्याच क्षणी मुलाच्या प्रोग्रामनेही तेच पाहिलं. दोघंही त्यावर लिहून मोकळे. सूची आता भलत्याच मजकुराकडे बोट दाखवते. हिशेबात दहा पेट्या चुकल्या तर दलालाची पट्टी आल्यावर तरी कळतं. इथे वहीची शिवणच उसवली.

हे होऊ नये म्हणून कुलूप असतं. डी. रिचर्ड हिप यांच्या, २००० साली आलेल्या एसक्यूलाइटचा नियम साधा: वाचणारे कितीही, लिहिणारा एका वेळी एकच.

(दृश्य: एकेरी रूळ. स्टेशनात उभी गाडी.)

रत्नागिरीच्या दोन्ही अंगांना रेल्वेचा रूळ एकेरी. समोरची गाडी स्टेशनात शिरल्याशिवाय आपल्याला सिग्नल नाही. क्रॉसिंगला ताटकळणं हा तर रत्नागिरीकरांचा जन्मसिद्ध हक्क. प्रोग्रामलाही तसं बजावता येतं: कुलूप दिसलं तर लगेच रडू नकोस, पाच सेकंद थांब.

पण सिग्नल दोन्ही ड्रायव्हरांना खरा दिसायला हवा. फाइल आणि प्रोग्राम एकाच संगणकावर असले की कुलपाची नोंद ऑपरेटिंग सिस्टिम ठेवते. सगळे तिलाच विचारतात. शेअर्ड फोल्डरात मध्ये नेटवर्क येतं, आणि काही नेटवर्कं कुलूप नीट न लावताच ‘लावलं’ म्हणून सांगतात. एसक्यूलाइटमध्ये २०१० साली आलेल्या ‘वॉल’ (राइट-अहेड लॉग: बदल आधी वेगळ्या फाइलीत लिहिण्याच्या) पद्धतीत वाचणारे आणि लिहिणारा एकमेकांना अडवत नाहीत, पण तिलाही सगळी मंडळी एकाच संगणकावर लागतात.

मामेभावाचा आणखी एक उद्योग नंतर कळला. रोज रात्री तो चालू फाइल पेनड्राइव्हवर कॉपी करायचा. लिहिणं सुरू असताना घेतलेली कॉपी अर्धी जुनी, अर्धी नवी निघू शकते. बॅकअप एसक्यूलाइटच्याच आज्ञेने घ्यायचा असतो. शिवाय डेटाबेसच्या शेजारी दिसणारी ‘जर्नल’ नावाची फाइल तो कचरा समजून उडवायचा. काम मध्येच तुटलं तर पानांचा जुना मजकूर तिच्यातच असतो.

आता फाइल उघडतो तो एकच प्रोग्राम, आतल्या संगणकावरचा. लॅपटॉप त्याला नुसता निरोप धाडतो, निरोप रांगेने घेतले जातात.

(दृश्य: अंधारलेली शेड, बॅटरीचा उजेड.)

मे महिन्यात वळिवाच्या पहिल्या सरीला लाइट गेली, नेमकी नोंद होत असताना. लाइट आल्यावर प्रोग्रामने जर्नल वाचलं, अर्धवट नोंद मागे घेतली. मामाने ती एक पेटी पुन्हा टाकली आणि गाडीवाल्याला हाक मारली.