युजर बदलताना कॉम्प्युटर अडकतो? फॉरमॅट मारू नका!

राम राम मंडळी! "भाऊ, युजर बदलला की नुसतं गोल गोल फिरत राहतं." चोपडा, रावेर, शिरपूर, सगळीकडून हाच प्रश्न येतोय.

स्टार्टअपचं, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताच आपोआप उघडणाऱ्या प्रोग्रॅम्सचं, तुम्हाला माहीतच आहे. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, स्टार्टअपमध्ये नको ते डिसेबल करा. पुढे चला.

खरी गोम वेगळीच आहे. युजर बदलणं म्हणजे साइन आउट, म्हणजे आपलं सगळं बंद करून बाहेर पडणं, नाही! विंडोज की आणि एल दाबून दुसऱ्या नावाने आत गेलात, तरी पहिल्याचं सगळं मागे चालूच राहतं. 2001 च्या विंडोज एक्सपीपासून ही सोय आहे, काम अर्धवट असताना दुसऱ्याला बसता यावं म्हणून. सोय चांगलीच, पण रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती मेमरी, 4 जीबीच असेल तर?

जळगावला आमच्या घरी एकच कॉम्प्युटर. वडील केळीचा हिशोब करतात, बहीण अभ्यास, मी एडिटिंग. एकदा वैतागून टास्क मॅनेजरमधलं युजर्स उघडलं. बहीण कॉलेजात, आणि तिचं क्रोम इकडे दीड जीबी अडवून बसलेलं! रॅम भरली की विंडोज हार्ड डिस्कवर माल टाकायला लागतं. म्हणून डिस्क 100 टक्के, आणि डब्यावरचा तो लाल दिवा विझतच नाही.

आईला मी असं समजावलं: खापरावर पहिला मांडा तसाच ठेवून दुसरा टाकशील का? आधी पहिला काढशील ना? तो काढणं म्हणजे साइन आउट.

कमेंटमध्ये एक भाऊ म्हणतात, "फॉरमॅट मारा, विषय संपला." म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाका. नाही हो! एका दुरुस्तीवाल्याचं ऐकून मी मारलं होतं. वडिलांनी जपलेले केळीच्या पट्ट्यांचे, म्हणजे विक्रीच्या पावत्यांचे, फोटो गेले आणि आठवड्यात कॉम्प्युटर पुन्हा तसाच. साइन आउट कोणी करतच नव्हतं, मग काय होणार?

एक मात्र सांभाळा. युजर्समध्ये जाऊन दुसऱ्याला परस्पर साइन आउट केलंत, तर त्याचं सेव्ह न केलेलं काम जातं. आधी विचारा. मी आता बहिणीला फोन करतो, मगच बटण दाबतो.

सगळे साइन आउट असूनही अडकतंय आणि आत जुनी हार्ड डिस्क आहे? मग एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क, बसवा, पैसे तिथेच घाला. तोवर युजर्समध्ये कोणाच्या नावापुढे किती मेमरी दिसते, ते कमेंटमध्ये लिहा. मी एकेक वाचतो.