ड्रोनला दुसरी बॅटरी बांधण्याआधी

मंडळी, ड्रोन वीस मिनिटं उडतो आणि काम नेमकं पंचवीस मिनिटांचं निघतं. शेताचा नकाशा करायला घेतला की शेवटच्या दोन पट्ट्या राहून जातात. मग प्रत्येकाच्या डोक्यात पहिला उपाय येतो तो हा, की अजून एक बॅटरी बांधू. आज त्या उपायाचा हिशेब तुमच्यासमोर मांडायचा आहे. माझं मत आधीच सांगतो. पहिली जादा बॅटरी बऱ्याचदा फायद्याची ठरते, त्यापुढची क्वचितच. आणि बांधण्याआधी एक-दोन गोष्टी बदलून पाहिल्या, तर पुष्कळदा जादा बॅटरी लागतच नाही.

ड्रोन हवेत एका जागी थांबतो तो हवा खाली ढकलून. वजन वाढलं की तीच पाती जास्त हवा ओढतात आणि जास्त वेगाने खाली फेकतात. त्यामुळे लागणारी शक्ती वजनाच्या दीडाव्या घाताने वाढते. वजन दुप्पट झालं, तर शक्ती साधारण २.८ पट लागते. सगळी गोम इथे आहे. बॅटरीतली ऊर्जा सरळ वाढते, खर्च मात्र त्याहून वेगाने वाढतो.

आकडे घालून बघू. बॅटरी सोडून ड्रोनचं वजन १ किलो धरा. त्यावर चार सेलचा, ५००० एमएएच (मिलीअँपिअर-अवर) क्षमतेचा एक लिपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरीचा पॅक. असा पॅक साधारण ५०० ग्रॅमचा असतो आणि त्यात ७४ वॉट-अवर ऊर्जा असते. हा ड्रोन एका पॅकवर २० मिनिटं तरंगतो असं समजा. दुसरा पॅक बांधला की ऊर्जा दुप्पट झाली, पण वेळ होते २६ मिनिटं. तिसरा बांधला, २८ मिनिटं. चौथा बांधून जेमतेम वीस-पंचवीस सेकंद पदरात पडतात. पाचव्या पॅकला वेळ उलट कमी व्हायला लागते. बॅटरीचं वजन बाकी ड्रोनच्या दुप्पट झालं की गणिताची कमाल मर्यादा गाठली जाते, मग त्यापुढे कितीही खर्च करा.

आणि हे झालं कागदावरचं. प्रत्यक्षात या ड्रोनच्या चारही मोटरींचा मिळून जोर ३ किलो असेल, तर एका पॅकवर जोर वजनाच्या दुप्पट आहे. ही तब्येत चांगली. दोन पॅकवर तो दीडपट उरतो. वाऱ्याचा झोत आला की ड्रोन सावरतो तो या शिल्लक जोरावर. चार पॅक बांधले तर वजनच ३ किलो होतं, आणि तो ड्रोन नीट उचललाही जाणार नाही. म्हणून कोणी विचारलं की किती बॅटऱ्या बांधू, तर मी आधी मोटर किती जोर देते याचा तक्ता मागतो.

बाजारातलं उदाहरण हवं असेल तर डीजेआय या चिनी कंपनीचा मिनी ३ ड्रोन घ्या. त्याची साधी बॅटरी १८.१ वॉट-अवरची, मोठी बॅटरी २८.४ वॉट-अवरची. म्हणजे ऊर्जा ५७ टक्के जास्त. कंपनी वेळ देते ३८ मिनिटं आणि ५१ मिनिटं, म्हणजे वाढ ३४ टक्क्यांची. हे आकडेही वारा नसताना, ठरावीक वेगाने उडवून काढलेले. वजन २४८ ग्रॅमवरून २९० वर जातं. आपल्याकडच्या २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंत नॅनो आणि त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो असा वर्ग आहे, आणि तो ठरतो सगळ्या भारासकट. बॅटरी त्यात धरली जाते. बेचाळीस ग्रॅमने वर्ग बदलतो, हे बॅटरी बांधणाऱ्याने लक्षात ठेवायलाच हवं.

आता मला ज्याबद्दल फार काळजी वाटते त्या भागाकडे येतो, तो म्हणजे जोडणी. जादा बॅटरी जोडायची ती समांतर, म्हणजे लाल वायर लालला, काळी काळीला. व्होल्टेज तेवढंच राहतं, क्षमता वाढते. एकामागे एक जोडली तर व्होल्टेज दुप्पट होतं आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) जागीच जळू शकते. पण समांतर जोडणीतही एक अट पाळावी लागते. दोन्ही पॅकचं व्होल्टेज जोडताना सारखं हवं. चार सेलचा भरलेला पॅक १६.८ व्होल्टचा असतो. अर्धवट वापरलेला समजा १५.२ चा. फरक १.६ व्होल्टचाच दिसतो, पण लिपोचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की दोन्ही पॅक आणि वायर मिळून तो २० मिलीओहम धरला, तरी जोडताक्षणी ८० अँपिअर करंट भरलेल्या पॅकमधून रिकाम्या पॅकमध्ये धावतो. हा माझ्या हातातला पिवळा एक्सटी६० कनेक्टर पुढच्या रांगेतल्यांनी हातात घेऊन बघा. सोनेरी पिनेच्या टोकावर काळा खड्डा पडलाय, तो अशाच एका ठिणगीचा. ठिणगीपेक्षा वाईट म्हणजे तो करंट घेणारा पॅक फुगतो. फुगलेला पॅक पुन्हा उडवायचा नाही, दाबून सपाट करायचा नाही, भोसकायचा तर अजिबातच नाही. माझा नियम असा: दोन्ही पॅक एकाच मॉडेलचे, एकाच वयाचे, एकत्र चार्ज केलेले आणि मीटरने तपासलेले. प्रत्येक सेलचं व्होल्टेज बघायचं, नुसत्या पॅकचं नाही.

तयार ड्रोनच्या स्मार्ट बॅटरीला, म्हणजे आपला चार्ज स्वतः मोजणाऱ्या बॅटरीला, बाहेरून वायर सोल्डर करून जादा पॅक लावणारेही आहेत. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, हे करू नका. स्मार्ट बॅटरी आपल्यातून किती करंट गेला तेवढाच मोजते. शेजारच्या पॅकने अर्धा भार उचलला, तर पडद्यावरचे टक्के हळू उतरतात आणि तुम्ही निर्धास्त होता. मग हवेत थरथरीने तो बाहेरचा कनेक्टर सैल झाला, की सगळा भार एका क्षणात मूळ बॅटरीवर येतो. घरी परतायला किती चार्ज लागेल याचा ड्रोनने बांधलेला अंदाज तिथे कोलमडतो, आणि खाली माणसं असू शकतात.

मग वेळ वाढवायची कशी? माझा पहिला सल्ला, बॅटरीचा प्रकार बदला. लिपो पॅकमध्ये किलोमागे साधारण १५० वॉट-अवर मिळतात. २१७०० मापाचे लिथियम-आयन सेल वापरले तर पॅक बांधूनही २०० च्या आसपास जाता येतं. मघाच्याच ड्रोनवर ७० ग्रॅमचे, ४२०० एमएएचचे आठ सेल लावा. चार एका माळेत, अशा दोन माळा समांतर. वायर-पट्ट्या धरून ६०० ग्रॅम वजन आणि सुमारे १२० वॉट-अवर ऊर्जा. वजन शंभर ग्रॅमच वाढलं, आणि हिशेबाने वेळ येते २९ मिनिटांच्या आसपास. म्हणजे चार लिपो पॅक बांधूनही जे मिळत नव्हतं, ते एका पॅकमध्ये मिळतं. याची किंमत अशी की हे सेल एकदम मोठा करंट द्यायला नाखूश असतात. शर्यतीचा किंवा कसरतीचा ड्रोन असेल तर लिपोच हवा. नकाशा, पाहणी, संथ उड्डाण यांना लिथियम-आयन चालतं. एक सेटिंग विसरू नका. लिपोला आपण सेलमागे साडेतीन व्होल्टला परत बोलावतो, लिथियम-आयन त्याच्या बरंच खाली, तीनपर्यंत काम देतं. फ्लाइट कंट्रोलरमध्ये, म्हणजे उड्डाण सांभाळणाऱ्या ड्रोनमधल्या संगणकात, जुनीच मर्यादा ठेवली तर बरीच ऊर्जा शिल्लक असतानाच ड्रोन परत येईल.

दुसरी गोष्ट पात्यांची. तेवढंच वजन उचलताना लागणारी शक्ती पात्याच्या व्यासाच्या व्यस्त प्रमाणात असते. व्यास दहा टक्के वाढवला की हवेत थांबण्याचा खर्च सुमारे नऊ टक्क्यांनी उतरतो, वजन जवळजवळ न वाढता. फ्रेममध्ये जागा हवी आणि मोटरला ते पातं झेपायला हवं, म्हणजे कमी केव्हीची (एका व्होल्टमागे कमी फेरे घेणारी) मोटर हवी. हवेचाही हिशेब धरा. महाबळेश्वरच्या उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षा बारा टक्के विरळ असते, आणि तोच ड्रोन तिथे सहा-सात टक्के जास्त शक्ती खातो.

पेट्रोल जळतं तसं वाहन हलकं होतं. बॅटरी रिकामी झाली तरी तिचं वजन तसंच राहतं, आणि शेवटच्या मिनिटापर्यंत आपण ते मृत वजन वाहतो. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये याच मुद्द्याला हात घातला. त्यांनी वापरून झालेली बॅटरी हवेतच सोडून देणारा ड्रोन केला आणि तेवढ्याच बॅटरीत १९ टक्के जास्त वेळ मिळवली. त्याच वर्षी त्यांनी दुसरा प्रयोग मांडला, तो मला फार आवडतो. छोटा ड्रोन भरलेली बॅटरी घेऊन मोठ्या ड्रोनच्या पाठीवर येऊन बसतो, आपली बॅटरी वापरू देतो, संपली की उडून जातो आणि दुसरा येतो. १२ मिनिटांचं उड्डाण ५७ मिनिटांवर गेलं. शेतावर वापरण्याजोगं हे अजून नाही, पण जादा बॅटरी हवी तेवढाच वेळ वर ठेवायची, ही दिशा मला बरोबर वाटते.

फवारणीच्या ड्रोनबद्दल मघाशी एकाने विचारलं. तिथे दहा लिटरची टाकी काही मिनिटांतच रिकामी होते आणि ड्रोनला खाली यावंच लागतं. त्याच वेळी बॅटरीही बदलता येते. अशा ठिकाणी वर जादा वजन चढवण्यात अर्थ नाही. बांधावर तीन-चार संच, चांगला चार्जर आणि जनरेटर ठेवा. गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका, सावलीत निवू द्या.

आणि इतकं ऐकूनही ज्यांना जादा पॅक बांधूनच बघायचाय, त्यांनी असं करा. मोकळं मैदान, वारा नसलेली सकाळ. पॅक फ्रेमच्या मध्यावर, घट्ट पट्ट्याने बांधा. पायाला लटकवू नका. डोक्याच्या उंचीवर ड्रोन थांबवा, तुम्ही लांब उभे राहा आणि टेलिमेट्रीत, म्हणजे ड्रोनकडून पडद्यावर येणाऱ्या आकड्यांत, थ्रॉटल (मोटरींना दिलेला जोर) बघा. ६५ टक्क्यांच्या वर असेल तर लगेच उतरवा. कमी असेल तर पाच मिनिटं उडू द्या, उतरवून बॅटरी काढा आणि मोटरींना एकेक करून हात लावा. हात टेकवून ठेवता येत नसेल, तर तो जादा पॅक काढून ठेवा.