टाउन सेंटर रिकामं राहू नये

‘एज ऑफ एम्पायर्स 2’ हा खेळ सुरू होतो तेव्हा तुमच्याकडे तीन गावकरी असतात, एक स्काउट म्हणजे घोडेस्वार टेहळ्या असतो आणि मधोमध टाउन सेंटर उभं असतं. सगळे खेळाडू त्याला टीसी म्हणतात, आपणही तसंच म्हणू. खजिन्यात 200 अन्न, 200 लाकूड, 100 सोनं, 200 दगड. बहुतेक संस्कृतींची, म्हणजे खेळायला निवडायच्या राज्यांची, सुरुवात अशीच होते. समोरच्याकडेही नेमकं एवढंच असतं. तरी पंधराव्या मिनिटाला एकाच्या अंगणात दुसऱ्याचे घोडे धावत असतात आणि हरणारा म्हणतो, त्याचं सैन्य भारी होतं. सैन्य भारी झालं ते पंधराव्या मिनिटाला. त्याची पेरणी पहिल्या दोन मिनिटांत झाली होती. आजचं बोलणं त्या पेरणीबद्दल आहे.

मानवी इतिहास कवेत घेणारे रिअल-टाइम स्ट्रॅटेजी खेळ, म्हणजे पाळी न लावता सगळ्यांनी एकाच वेळी खेळायचे डावपेचांचे खेळ, बरेच आहेत. 2001 चा ‘एम्पायर अर्थ’ आदिमानवापासून थेट नॅनो युगापर्यंत चौदा युगं नेतो. 2003 चा ‘राइझ ऑफ नेशन्स’ आठ युगांत प्राचीन काळापासून माहितीयुगापर्यंत येतो. ‘एज ऑफ एम्पायर्स 2’चा पल्ला त्या मानाने लहान आहे. रोमन साम्राज्याच्या पडझडीपासून साधारण सोळाव्या शतकापर्यंत, आणि युगं फक्त चार: डार्क, फ्युडल, कॅसल, इम्पीरियल. तरीही युग बदलणं म्हणजे काय हे समजून घ्यायला मला हाच खेळ सर्वांत योग्य वाटतो, कारण इथले आकडे थोडे आहेत आणि ते पाठ होतात. मूळ खेळ 1999 चा. आज बहुतेक लोक 2019 ची डेफिनिटिव्ह एडिशन खेळतात, म्हणून मी त्यातले आकडे देतो. अपडेट आलं की एखादा आकडा इकडेतिकडे होतो, पण हिशेबाची रीत बदलत नाही.

आता हिशेब. गावकरी टीसीत घडतो, आणि एक घडवायला 50 अन्न आणि 25 सेकंद लागतात. म्हणजे टीसी अखंड चालू ठेवायचा तर दर सेकंदाला 2 अन्न आत यायला हवं. मेंढी कापून मांस गोळा करणारा गावकरी सेकंदाला साधारण एक तृतीयांश अन्न आणतो. एक तृतीयांश गुणिले सहा, बरोबर दोन. पहिले सहा गावकरी मेंढ्यांवर ठेवा, असं जो तो सांगतो, त्याचं कारण हे आहे. पाच ठेवले तर टीसी अधूनमधून अडेल. आठ ठेवले तर अन्न साठून राहील आणि लाकूड कमी पडेल. सहा जणांनी टीसीचं पोट भरायचं आणि सातव्यापासून दहाव्यापर्यंतचे चौघे लाकडावर, हा साचा या गुणाकारातून निघालेला आहे.

पहिल्या सेकंदाला काय करायचं? एच दाबून टीसी निवडा, क्यू दाबून गावकरी रांगेत लावा. 200 अन्नात चार बसतात, म्हणजे पहिली 100 सेकंदं सुटली. पण टीसी स्वतः फक्त पाच माणसांना जागा देतो आणि तुमच्याकडे आधीच चार आहेत. पाचवा जन्माला आला की सहाव्यासाठी घर हवं. म्हणून तिघांपैकी दोघांनी मिळून एक घर बांधायचं, तिसऱ्याने दुसरं. एका घराला 25 लाकूड, आणि एकट्याने बांधलं तर 25 सेकंद. नवशिक्याची पहिली चूक इथेच होते: तिघांनाही मेंढ्यांकडे पाठवतो, घराची आठवण पडद्यावर लाल अक्षरं आल्यावर होते, आणि तोवर टीसी गप्प उभा असतो. पुढेही दर पाच माणसांमागे एक घर लागतं. जागा संपायला दोन माणसं उरली की घर सुरू करायचं, हा नेम हाताला लागला पाहिजे.

मेंढी एका वेळी एकच मारायची, आणि तीही टीसीच्या भिंतीला चिकटून. मारलेल्या मेंढीचं मांस हळूहळू सडत असतं. तीन मेंढ्या एकदम पाडल्या तर 300 मधलं बरंच अन्न मातीत जातं. दूर मारली तर गावकऱ्याचा वेळ चालण्यात जातो. तो एका खेपेला थोडंच उचलतो, त्यामुळे चार पावलांचं अंतरही शेवटी अंगावर येतं.

यानंतर रानडुक्कर. सुरुवातीच्या खेळातलं हे सर्वांत जोखमीचं काम, म्हणून जरा सावकाश सांगतो. डुकरात 340 अन्न असतं आणि शिकारी मेंढपाळापेक्षा वेगाने अन्न आणतो, सेकंदाला 0.4 च्या आसपास. पण डुक्कर एका धडकेला 7 जखम करतं आणि लूम ही टीसीतली सुधारणा न घेतलेल्या गावकऱ्याचा जीव 25 असतो. चौथ्या धडकेला तो मेला. म्हणून एकच गावकरी पाठवायचा, शक्यतो अकरावा, आणि पहिली मेंढ्यांची खेप संपत आली असतानाच. त्याने डुकराला बाण मारला आणि डुक्कर त्याच्याकडे वळलं की लगेच त्याला टीसीकडे पळवायचं. इथे दोन गोष्टी बिघडतात. एक, खेळाडू बाण मारायला सांगून दुसरीकडे बघायला जातो. गावकरी जागच्या जागी मारत राहतो आणि मरतो. दुसरं, तो इतका पुढे निघून जातो की डुक्कर पाठलाग सोडून परत फिरतं आणि फेरा वाया जातो. डुक्कर टीसीजवळ आलं की मेंढ्यांवरचे सगळे त्याच्यावर सोडायचे आणि जखमी गावकऱ्याला टीसीच्या आत शिरवायचं. दुसऱ्या डुकराला दुसरा ताजा गावकरी पाठवा. पहिल्याचा जीव भरून आलेला नसतो, हे विसरून त्यालाच पाठवणारे बरेच असतात.

बारावा ते पंधरावा बेरींवर. त्यांच्यातला पहिला वाटेत घर बांधतो आणि मग झुडपांशेजारी गिरणी, 100 लाकडाची. आता सगळं अन्न मोजून बघा. आठ मेंढ्या प्रत्येकी 100, म्हणजे 800. दोन डुकरं, 680. सहा झुडपं प्रत्येकी 125, म्हणजे 750. एकूण 2230, आणि हरणं मी धरलेलीच नाहीत. खर्च किती? 21 गावकऱ्यांपर्यंत जायचं तर नवे 18 घडवायचे, 900 अन्न. फ्युडल एजची किंमत 500. एकूण 1400, त्यातले 200 खजिन्यात आधीच आहेत. म्हणजे डार्क एजमध्ये शेताची गरज पडत नाही. शेताला 60 लाकूड लागतं आणि ते 175 अन्न देतं. शिकार आणि मेंढ्या मात्र रानात फुकट उभ्या असतात. या खेळात माणूस शेतीकडे वळतो तो फुकटचं संपल्यावर, आणि वळल्याबरोबर त्याला जंगल तोडावं लागतं. मला हा या खेळाच्या रचनेतला सर्वांत प्रामाणिक भाग वाटतो. गुर्जर या संस्कृतीला इथे वेगळी वाट दिली आहे: त्यांना मेंढ्या न मारता गिरणीत कोंडता येतात आणि त्या जिवंत राहून थोडं थोडं अन्न देत राहतात. 2022 च्या ‘डायनेस्टीज ऑफ इंडिया’ या विस्तारात गुर्जर, द्रविड आणि बंगाली आले आणि जुन्या ‘इंडियन्स’चं नाव हिंदुस्तानी झालं. मराठे या खेळात नाहीत. त्याचा काळ संपतो तिथे आपला सुरू होतो.

एक चिठ्ठी आली आहे: फ्युडल एजला किती मिनिटांनी पोचायला हवं? उत्तर काढता येतं. 18 गावकरी गुणिले 25 सेकंद, 450. त्यात लूमची 25 मिळवा: 50 सोन्यात गावकऱ्याचा जीव 25 वरून 40 होतो. झाले 475, म्हणजे 7 मिनिटं 55 सेकंदांना युग बदलायचं बटण दाबायचं. संशोधन 130 सेकंदांचं, म्हणजे 10 मिनिटं 5 सेकंदांना तुम्ही फ्युडलमध्ये. हे खेळातल्या घड्याळाचे आकडे. नेहमीचा वेग 1.7 पट असतो, त्यामुळे भिंतीवरच्या घड्याळात जेमतेम सहा मिनिटं होतात. तुमचा वेळ 10:45 आला तर टीसी 40 सेकंद रिकामा होता. मधलं काही कारण शोधू नका, दुसरं कारण नाही.

युगाची खरी किंमत यातच कळते. बटणावर लिहिलं आहे 500 अन्न. पण त्या 130 सेकंदांत टीसी गावकरी घडवू शकत नाही, म्हणजे पाच गावकरी जन्मलेच नाहीत, आणि ते पुढे जे आणणार होते तेही गेलं. कॅसल एजला 800 अन्न, 200 सोनं आणि 160 सेकंद, म्हणजे सहा गावकरी. म्हणून घाईघाईने युग चढलेला खेळाडू बऱ्याचदा हरतो. त्याला नाइट, म्हणजे चिलखती घोडेस्वार, मिळतो, पण एका नाइटला 60 अन्न आणि 75 सोनं लागतं. त्याच्याकडे एक घडवण्यापुरतं असतं, चौथा घडवण्यापुरतं नसतं.

फ्युडलमध्ये घोडदळाचा हल्ला करायचा असेल तर तयारी संशोधन चालू असतानाच करायची. त्या 130 सेकंदांत 175 लाकडाची बराकी बांधून ठेवा, कारण तबेला बराकीशिवाय बांधता येत नाही. फ्युडल लागल्या क्षणी 175 लाकडाचा तबेला, दोघा-तिघांनी मिळून. लाकूडतोड्यांसाठी दुधारी कुऱ्हाडीची सुधारणाही त्याच वेळी: 100 अन्न, 50 लाकूड, आणि तोड वीस टक्क्यांनी वाढते. आता अन्नाचा प्रवाह मोजा. टीसीला सेकंदाला 2. एक स्काउट 80 अन्नाचा, 30 सेकंदांचा, म्हणजे 2.67. बेरीज 4.67. शेतकरी सेकंदाला 0.32 च्या आसपास देतो, तर चौदा-पंधरा माणसं अन्नावर हवीत. तेवढी नसली की टीसी थांबतो किंवा तबेला थांबतो. बहुतेक खेळाडू टीसी थांबवतात, कारण घोडे डोळ्यांना दिसतात आणि न जन्मलेला गावकरी दिसत नाही. हल्ला फसला की त्यांच्याकडे काहीच उरत नाही. शत्रूकडे दोन भालेकरी उभे असतील तर घोडे परत फिरवा. भालेकरी 35 अन्न आणि 25 लाकडात मिळतो आणि घोड्यासमोर त्याला मोठा बोनस असतो. घोड्यांचं खरं काम लाकडावरच्या आणि सोन्यावरच्या गावकऱ्यांना पळायला लावणं आहे. तो पळतो तेवढा वेळ त्याचं काम बंद.

लाकडाबद्दल एक लक्षात ठेवा. लाकूड जमा करायचा कॅम्प झाडांना खेटून बांधला तरी झाडं संपत जातात आणि जंगलाची कड मागे सरकते. कॅम्प मात्र जिथे होता तिथेच राहतो. काही मिनिटांनी तुमचे दहा लाकूडतोडे बहुतेक वेळ चालतच असतात. आणखी 100 लाकूड घालून पुढे नवा कॅम्प टाका.

कॅसल एज लागल्यावर नवे टीसी बांधता येतात: प्रत्येकी 275 लाकूड आणि 100 दगड. सुरुवातीचे 200 दगड आठवतात? कुठे मनोऱ्यात उडवले नसतील तर बरोबर दोन टीसी होतात. तीन टीसी म्हणजे दर 25 सेकंदांना तीन गावकरी, आणि सेकंदाला 6 अन्नाची भूक. अठरा-एकोणीस शेतं चालू नसताना तिसरा टीसी बांधणं म्हणजे उपाशी घरात पाहुणा बोलावणं. पण शेतं असतील तर पुढच्या युगाची किंमत उतरते: इम्पीरियलला 1000 अन्न, 800 सोनं आणि 190 सेकंद लागतात, पण थांबतो तो एकच टीसी. बाकीचे दोन चालूच.

इम्पीरियलमध्ये मोजायचं ते सोनं. खाणी संपतात, आणि मग ज्याच्या मठात पवित्र अवशेष आहेत त्याला प्रत्येकी मिनिटाला 30 सोनं मिळत राहतं. संन्याशी पाठवून ते कॅसल एजमध्येच उचलून ठेवावेत. किल्ला पाडायला ट्रेबुशे हे दगडफेकी यंत्र, 200 लाकूड आणि 200 सोनं. त्याचा पल्ला नकाशावरच्या 16 चौकटींचा, किल्ल्याचा मुळात 8 आणि सगळ्या सुधारणांनंतर 11. त्यामुळे तो लांब उभा करायचा आणि त्याच्यापुढे भालेकरी ठेवायचे, कारण शत्रूचे घोडे सगळ्यात आधी त्याच्याकडेच येतात.

घरी गेल्यावर एक करा. ‘अरेबिया’ नकाशावर सोप्या संगणकासमोर एक डाव लावा आणि फ्युडल एज लागताच थांबा. लढू नका. मग त्याच डावाचं रेकॉर्डिंग लावा आणि पूर्ण वेळ फक्त टीसी निवडून ठेवा. खालच्या पट्टीत गावकऱ्याचं चित्र नसेल ते प्रत्येक सेकंद कागदावर टिपा, आणि शेजारी त्या क्षणी काय अडलं होतं ते लिहा: घर, अन्न की तुमचं लक्ष. आणखी नऊ डाव असेच लावा. पहिल्या कागदावर घर हा शब्द बऱ्याचदा येईल. तो दिसेनासा झाला की डुकराच्या ओळी वाचायला घ्या.